बाद झालेल्याचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. बुलढाण्यातल्या एका शाळेच्या मैदानाकडेला माझं आयुष्य गेलं. शालिग्राम सुतारानं मला घडवलं तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालायचा. आपल्याला वर्गात ठेवतील, मुलांच्या कविता ऐकायला मिळतील, अशी माझी समजूत होती. पण ड्रिलचे उत्तमराव मास्तर मद्रासहून बास्केटबॉल नावाचा नवा खेळ शिकून आले आणि त्यांनी मला उचलून उन्हात नेलं. मी थोडा रुसून फुगलोच होतो.

मास्तरांनी नियम सांगितले. ज्याचा धक्का लागेल त्यानं स्वतः हात वर करायचा. एकाच्या नावावर चार फाऊल झाले की तो बाद, आणि बाद झालेल्यानं माझ्यावर येऊन बसायचं. मुलांना हे लगेच पटलं, कारण हुतूतूतही गडी बाद होतो. मात्र हुतूतूत आपल्या बाजूनं समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन पुन्हा आत जातो. इथंही तसंच असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. कुणाचेच चार फाऊल होत नव्हते, त्यामुळे विचारायची वेळ आली नाही. माझ्यावर नुसत्या टोप्या आणि सदरे पडून असायचे.

मग नांदुऱ्याच्या संघाशी सामना ठरला. आमचा सगळ्यात उंच खेळाडू म्हणजे कडूबा. त्याचे वडील भगवानराव त्याला शाळेतून काढून शेतात घालायला निघाले होते. "पोरगं शिकून राह्यलं का नुसत्या उड्या मारून राह्यलं, ते पाहून ये," असं सांगून त्यांनी कडूबाच्या आईला, रुखमाबाईंना, पाठवलं होतं. त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. कडूबाची शाळा आता त्यांच्या शब्दावर होती.

आईला दाखवायचं म्हणून कडूबा जीव तोडून खेळला. त्या भरात त्याचे तीन फाऊल झाले. सामना बरोबरीत होता. टोपलीखाली मुलं एकमेकांवर आदळली, नांदुऱ्याचा एक जण पडला आणि मास्तरांनी शिट्टी मारली. धक्का कुणाचा, हे त्यांना दिसलं नव्हतं. कडूबानं हात वर केला आणि हसत हसत माझ्यावर येऊन बसला.

थोड्याच वेळात आमच्या रंगरावनं चेंडू टोपलीत टाकला. कडूबा टुणकन उठला आणि "मी जित्ता झालो" म्हणत आत धावला.

मास्तर जवळ आले. "कडूबा, या खेळात बाद झालेला परत येत नाही बेटा. जा, बस."

तो परत आला तो गुडघ्यात डोकं घालून बसला. उंच गडी गेल्यावर नांदुऱ्यानं सामना जिंकला. कडूबाचे हुंदके मला ऐकू येत होते. माझ्यावर बसलेला तो पहिलाच मुलगा, आणि तो असा रडताना मला पाहवत नव्हता.

रुखमाबाई उठून त्याच्याजवळ माझ्यावर बसल्या. पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"परत जाता येत नाही, हे तुले आधी माहीत असतं, तं हात वर केला असता काय?"

कडूबानं मनगटानं नाक पुसलं. मग म्हणाला, "नसता केला, माय."

रुखमाबाई हसल्या. "घरी दुधाचं गाडगं फोडलं तं तू मांजरीचं नाव घेतं. अन् आज दोनदा खरं बोलला." त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुह्या बापाले सांगीन म्या, पोरगं शिकून राह्यलं."

मित्रांनो, आता माझा एक पाय मोडला आहे. मी मैदानामागे गवतात पडून असतो. जमलं तर तेवढा पाय बसवून द्या आणि मला पुन्हा कडेला ठेवा. खेळ आहे, तिथं कुणी ना कुणी बाद होणारच. त्याला एकट्याला बसू देऊ नका. माझ्यावर दोघांची जागा आहे.