बाजाराच्या गस्तीची शिट्टी

बाजाराच्या गस्तीला शिट्टी एकच होती. पहारा बदलताना जाणाऱ्याने ती येणाऱ्याच्या हातात द्यायची आणि येणाऱ्याने चौकीच्या दारातच एकदा खणखणीत वाजवून दाखवायची, हा हवालदाराचा नियम. शिट्टी वाजली की पहारा लागला. हवालदार शिस्तीचा मोठा भोक्ता. याच्या घरात मांजरसुद्धा परवानगी घेऊन शिंकतं, असं शिपाई पाठीमागे म्हणत.

मग तापाची साथ आली. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवणं, कुलपं तोडून मेलेल्यांना बाहेर काढणं, सगळं पोलिसांच्या गळ्यात पडलं. डॉक्टरांनी तोंडाला बांधायच्या कापडी पट्ट्या पाठवल्या. हवालदार त्या स्वतः तपासायचा, कुणाचं नाक उघडं दिसलं की बापाचा उद्धार करायचा. आणि पहारा बदलताना तेच शिपाई त्याच्यासमोर पट्टी हनुवटीखाली ओढून शिट्टी वाजवायचे. शहाण्याने खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि दार सताड उघडं ठेवलं होतं.

आधी बाजाराच्या गस्तीवरचा शिपाई लांब्या तापाने गेला. मग त्याच्या हातून शिट्टी घेणारा मिशाळ. त्या जागी हवालदाराने सख्खा धाकटा भाऊ लावला. भावजयीने काही दिवस थांबायची विनवणी केली, तेव्हा तो म्हणाला की आपलाच माणूस घरी बसवला तर लोक तोंडात शेण घालतील. भावाने दारात शिट्टी इतकी झोकात वाजवली की हवालदार गालात हसला.

आठवडाही गेला नाही, भाऊ पहाऱ्यावरच कोसळला. वर्दीसकट त्याला घरी आणला, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. पाणी पाजायला वाकलेल्या हवालदाराला खुंटीवरच्या कोटाला लटकलेली शिट्टी दिसली. लांब्या, मिशाळ, आणि हा. ती उचलून चुलीत टाकावी म्हणून तो उठला, तेवढ्यात भावाने त्याचं मनगट धरलं. ते सुटलं तेव्हा भाऊ उरला नव्हता. त्या रडारडीत शिट्टी तशीच राहिली.

दोन दिवसांनी भावजय चौकीत आली. तिने शिट्टी टेबलावर ठेवली. घासूनपुसून लख्ख केलेली.

"सरकारची वस्तू, भाऊजी. म्हटलं, तुम्ही शोधत असाल."

हवालदाराने शिट्टीला हात लावला नाही. दोन दिवस ती कुठे होती, असं त्याने विचारलं.

"पोरीजवळ. बाबा पाहिजेत म्हणून जीव काढत होती. ही दिली तेव्हा गप्प झाली. तोंडातून काढेचना."

"आता कुठंय ती?"

"झोपलीय. अंग जरा गरम लागतंय."

पोरीला ताप बापाकडूनही लागला असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. स्वतःलाच ते पटलं नाही. त्याला ओरडून रडायचं होतं, पण या बाईसमोर रडायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्याला कळत होतं.

तिच्यामागे दारात बाजाराच्या गस्तीचा नवा शिपाई येऊन उभा राहिला. नियम त्याला ठाऊक होता. त्याने पट्टी हनुवटीखाली ओढली आणि शिट्टीसाठी हात पुढे केला.