हिरव्या पाकिटाची तारीख

"जरा गप्प बसा," च्वानदादा म्हणाले आणि त्यांनी कपाटाच्या पत्र्याला कान लावला.

लोकांची माहिती साठवणाऱ्या आमच्या जुन्या हॉलमध्ये पंख्यांचा एवढा घोंघाट असायचा की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू यायचं नाही. पण ह्या माणसाला कपाटांत फिरणाऱ्या शेकडो डिस्कांमधली नेमकी आजारी डिस्क ऐकू यायची. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. साहेबलोक हसायचे, आणि मग संगणकाच्या पडद्यावर दोन दिवसांनी तोच नंबर लाल व्हायचा.

"अकरावी," ते कान काढत म्हणाले. "संध्याकाळ काही बघत नाही ही."

तो शुक्रवार होता, सकाळचे नऊ. खरं तर दादा फक्त किल्ल्या द्यायला आले होते. दहा वाजता त्यांना थाओयुआन शहरातल्या इस्पितळातून युए-थाओवहिनींना घरी न्यायचं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. श्वासाच्या मशीनवर होत्या म्हणून होत्या, एवढंच. आमच्याकडे माणसाने शेवटचा श्वास आपल्या घरात सोडावा असं असतं. त्यासाठी इस्पितळवाले श्वासाची पिशवी हाताने दाबत घरापर्यंत सोडायला येतात. दादांनी बाहेरच्या खोलीतला सोफा काढून तिथे खाट घातली होती. वहिनी शुद्धीवर होत्या तेव्हा त्यांनी नवऱ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती, मला इथे मरू देऊ नका.

आणि नेमकं त्याच दिवशी आमचं स्थलांतर. देशभर माहितीच्या साठवणीची मागणी वर्षागणिक फुगत चालली होती. त्याचा आलेख दर तिमाहीला मीच काढायची आणि रेघ कधी खाली आली नाही. नव्या इमारतीत फिरत्या डिस्कांऐवजी चिपांचा हॉल उभा राहिला होता, जुन्यातलं सगळं तिकडे हलवायचं होतं. बुधवारचं काम आमचे वरिष्ठ कुंगसाहेब यांनी शुक्रवारवर ढकललं. अकराव्या डिस्कवर लोकांचे फोटो होते, बारशांचे, लग्नांचे, सहलींचे. तिची जोडीदार डिस्क आदल्याच दिवशी गेली होती. आता हिच्यावरून नक्कल उतरायच्या आत ही गेली असती तर सगळं पाण्यात.

अशी डिस्क दमली की उतरवणं थांबवायचं, जरा निवली की पुन्हा सुरू करायचं. कधी थांबायचं ते फक्त दादांना कळायचं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अहवालात 'काहीही गमावले नाही' असं लिहायचं होतं, आणि तो अहवाल माझा होता.

"दादा, दोनच तास," मी म्हणाले. साहेब नाही, मी म्हणाले. "बाराला गेलात तर नाही का चालणार?"

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग पत्र्याला हात लावून उभे राहिले. इस्पितळात फोन करून गाडी बारावर ढकलली. वहिनींची तब्येत स्थिर आहे, असं नर्सने सांगितलं.

अकरा चाळीसला शेवटची फाइल उतरली. वहिनी अकरा वीसलाच गेल्या होत्या. दादांचा फोन नियमाप्रमाणे हॉलच्या बाहेर, खणात होता.

घराबाहेर प्राण सोडलेल्या माणसाला आमच्याकडे उंबरठ्याच्या आत घेत नाहीत. वहिनींना इस्पितळातून परस्पर अंत्यविधीच्या जागी नेलं. खाट तशीच राहिली.

नर्सने दादांच्या हातात एक पिशवी दिली. त्यात वहिनींच्या सपाता, कंगवा आणि एक हिरवं पाकीट होतं. नारळाच्या चवीचे कुरकुरे, पोरं खातात ते. आमच्याकडे प्रत्येक कपाटावर एक ठेवतात, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं, ते फोडायचं नाही आणि तारीख उलटू द्यायची नाही. तारीख जवळ आली की सगळ्यांनी मिळून खायचं आणि नवं ठेवायचं. दादांनी एक नेऊन वहिनींच्या मशीनवर ठेवलं होतं.

नव्या हॉलमध्ये काहीच फिरत नाही, त्यामुळे ऐकण्यासारखंही काही नाही. दादांना तिथे पाकिटं बदलायचं आणि धूळ पुसायचं काम दिलं. कुंगसाहेबांनी सभेत त्यांचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. मी मात्र नऊ आठवडे वाट पाहिली, आज तरी हा माणूस मला चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मेलं, तेवढंही सुख त्यांनी मला दिलं नाही.

एप्रिलच्या तीस तारखेला दुपारी त्यांनी मला जुन्या हॉलमध्ये बोलावलं. कपाटं भंगारात गेली होती, फरशीवर त्यांचे चौकोनी डाग उरले होते. दादा भिंतीला टेकून बसले होते. खिशातून त्यांनी ते पाकीट काढलं, डोळ्यांपासून लांब धरून मागची तारीख वाचली आणि फोडलं.

"बस," ते म्हणाले. "आजचाच दिवस आहे."

माझ्या ओंजळीत त्यांनी निम्मे कुरकुरे ओतले. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"मशीन छान चाललं हो तिचं," ते मध्येच म्हणाले. "नर्सला विचारलं मी. शेवटपर्यंत एकदासुद्धा अडलं नाही."

मग आम्ही खाल्लं. हॉल इतका शांत होता की दोघांचं चावणं ऐकू येत होतं. संपल्यावर दादांनी पाकीट झटकलं, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि उठताना सवयीने, जिथे अकरावीचं कपाट होतं तिथे कान देऊन क्षणभर उभे राहिले.