पंखवाल्या घोड्याचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. माझ्या अंगावर एक पंखवाला घोडा कोरलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेलो आहे.

माझा जन्म उत्तर कोलकात्यातल्या काळाचांद गल्लीत, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या दाराच्या फळीतून झाला. त्या वर्षी गल्लीच्या दुर्गापूजेचा विषय ठरला होता परीकथा: सात समुद्र, तेरा नद्या, राक्षसीण आणि झोपलेली राजकन्या. कमानीपासून स्वयंसेवकांच्या बिल्ल्यांपर्यंत आणि झेंड्यांपासून भोगाच्या, म्हणजे प्रसादाच्या, खिचडीच्या कुपनांपर्यंत सगळे एकाच घरचे दिसले पाहिजे, अशी सजावट आखून देण्याची एक जबाबदारी असे. दरवर्षी ती बाहेरच्या एखाद्या नावाजलेल्या कलाकाराकडे जाई. त्या वर्षी प्रथमच गल्लीतल्या मुलीला, दोलनला मिळाली.

दोलनने तीन रंग निवडले: नीळ, हळद आणि पायांना लावतात त्या अळत्याचा लाल. अक्षरे घेतली जुन्या स्वस्त गोष्टींच्या पुस्तकांसारखी, जाडजूड. आणि सगळ्यांवर एकच खूण, पंखवाला घोडा. तो कोरायला तिने आपल्या वडिलांना सांगितले. अनादीबाबू एकेकाळी छापखान्यांसाठी ठसे कोरत. आता त्यांचे हात कापू लागले होते आणि हे वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सकाळी चहाच्या आधी हात जरा थाऱ्यावर असे, तेवढ्यात ते मला कोरत. त्यांची कापरी बोटे मला अंगावर जाणवत. पण कोरणी लाकडाला टेकली की कंप थांबे.

सगळा घोडा झाला. डोळ्याची जागा मात्र कोरी होती.

"बाबा, डोळा राहिला," दोलन म्हणाली.

"राहिला नाही, ठेवलाय. देवीच्या मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, महालयाच्या अमावास्येला काढतात ना? याचाही तेव्हाच कोरीन. तोवर हात टिकला म्हणजे झालं. हा माझा शेवटचा ठसा, दोलन."

दोलनला ही कल्पना फार आवडली. महालयापर्यंत फलकांवर बिनडोळ्याचा घोडा दिसेल आणि त्या दिवशी देवीबरोबर तोही डोळा उघडेल, असे तिने पूजेच्या कमिटीला समजावून सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुपने हाताने छापायची म्हणून मला पूजा भरवणाऱ्या गल्लीच्या क्लबात ठेवले. मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते.

फलक लागले आणि पलीकडच्या गल्लीतली मंडळी हसायला आली. "काय भोंबलदा, घोडा आंधळा पाळलात? वाट चुकून आमच्या मंडपात शिरायचा हं!"

भोंबलदा म्हणजे क्लबचे सेक्रेटरी. टोमणा त्यांना झोंबला. दोलनला न विचारता त्यांनी फलकाचा फोटो आपल्या जावयाकडे पाठवला. जावयाने संगणकावर घोड्याला डोळा बसवून दिला, निळा, टपोरा, लांब पापण्यांचा. हात लागलाच आहे म्हणून पंखही गुलाबी केले. महालयाच्या आधीच नवे फलक गल्लीभर झळकले.

दोलन तडक क्लबात आली. "भोंबलदा, हे काय करून ठेवलंत?"

"अगं, तुझा राहिलेला डोळा काढून दिला. आभार मान!"

"देवीचे डोळे असे कुणी आधीच काढले, तर चालेल तुम्हाला?"

"छे छे, भलतंच काय बोलतेस! देवीचं वेगळं. हा जाहिरातीचा घोडा."

मित्रांनो, हेच भोंबलदा मूर्तिकारांच्या वस्तीत, कुमारटुलीत, देवीच्या रिकाम्या डोळ्यांपुढे हात जोडून उभे राहतात. तिथे त्यांना काही अर्धवट दिसत नाही!

"निदान ठसा तरी द्या," दोलन म्हणाली. "बाबा वाट बघताहेत."

"असेल इथेच कुठेतरी. पूजा होऊ दे, शोधू."

इथेच तर होतो मी! कॅरमच्या स्टँडचा पाय डुगडुगत होता, म्हणून कुणीतरी मला त्याखाली सरकवले होते, घोड्याचे तोंड जमिनीला लावून. महालयाच्या सकाळी अनादीबाबू अंघोळ करून, कोरणीला धार लावून खिडकीशी बसून राहिले. त्या दिवशी त्यांचा हात चांगला होता. हे मी नंतर दोलनच्या तोंडून ऐकले आणि तेव्हापासून माझा राग उतरलेला नाही.

विसर्जन झाले. रिवाजाप्रमाणे दोलन मिठाई घेऊन थोरांच्या पाया पडायला क्लबात आली. भोंबलदा कॅरम खेळत होते. ती त्यांच्या पायांशी वाकली आणि तिथेच तिला मी दिसलो. तिने नमस्कार अर्धाच सोडला आणि मला खसकन ओढून काढले. बोर्ड कलंडला, सोंगट्या घरंगळल्या.

"अगं अगं, डाव मोडलास! आणि पाया न पडताच निघालीस?"

"तेवढं राहिलं म्हणा, भोंबलदा. जावयाला सांगा पुरं करायला."

घरी अनादीबाबूंच्या हातात आता चहाचा कपही ठरत नव्हता.

"मी तुमचा हात धरू, बाबा?"

"नको. ठसा घट्ट धर."

कोरणी टेकली, पण या खेपेला कंप थांबला नाही. ती घसरली. डोळा तिरका झाला आणि त्याच्यावर भुवईसारखी एक खोल चीर गेली. त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसले: एक म्हातारा चेहरा, आणि ओठ घट्ट मिटलेली त्याची मुलगी.

दोलनने शाई लावून कागदावर ठसा उमटवला. अनादीबाबू कागदावर वाकले. "बिघडला गं. रागावल्यासारखा दिसतोय."

"नाही बाबा," दोलन म्हणाली. "बरोबर झालाय."

तो कागद तिने रस्त्याकडच्या दारावर लावला आहे. भोंबलदा तिथून जाताना खाली बघून चालतात.

मित्रांनो, कुणाचे काम तुम्हाला अर्धे दिसले, तर त्याला हात लावण्याआधी एवढेच विचारा: राहिलंय, की ठेवलंय? विचारायला पैसे पडत नाहीत. आणि न विचारता हात घातलात, तर लक्षात ठेवा, मला आता डोळा आहे.