म्हसोबाची धार

साल दोन हजार तेवीस. त्या वर्षी साळूबाईच्या घराचा प्रश्न चिंचखोऱ्याच्या ग्रामसभेपुढं दोनदा आला, सव्वीस जानेवारीला आणि एक मे रोजी. मधे चैत्रातली जत्रा झाली. जे व्हायचं ते जत्रेतच होऊन गेलं. ग्रामसभेनं मागाहून नुसते हात वर केले.

घर तसं साधंच. चार खोल्या, पुढं पडवी, मागं न्हाणी. पडवीत उभं राहिलं की भाटघर धरणाचं पाणी पार पलीकडच्या डोंगरापर्यंत दिसायचं. साळूबाईचा नवरा मानसिंग धरणावर नोकरीला होता. दरवाजे वर घ्यायचे, खाली सोडायचे, एवढं काम त्यानं जन्मभर केलं आणि त्यातून हे घर उभं केलं. जागेचा सातबारा मात्र त्याच्या आणि धाकट्या भावाच्या, रखमाजीच्या, नावावर सामाईक राहिला. भावाभावांत कशाला वाटणी, असं तेव्हा वाटायचं. तेव्हा पडवीत दोघांची ताटं शेजारी मांडली जायची, आणि रखमाजी वहिनीच्या हातच्या नाचणीच्या भाकरीसाठी आपल्या बायकोशी भांडायचा.

मानसिंग गेला. पोरगा हनुमंत कापूरहोळला टेम्पो चालवायचा, तो दारूत बुडाला. बायको सोडून गेली, टेम्पो गेला. एकदा तर त्यानं आईच्या पायातले चांदीचे वाळे झोपेत काढून नेले. ती जागी होती. पाय हलवला नाही.

भोरच्या डॉक्टरीणबाई नीरजा यांनी त्याला पुण्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं. तिथून तो सुटला आणि खरंच सुटला. दोन वर्षं त्यानं थेंब घेतला नव्हता. पण त्याच्या बरोबर सुटलेले एकेक करून परत गुत्त्यावर गेले. केंद्रातून बाहेर पडलं की माणूस थेट जुन्या दोस्तांत जातो. मधे सहा महिने राहायला, हाताला काम द्यायला एक घर पाहिजे, असं नीरजाताईंचं म्हणणं. हनुमंत म्हणाला, "घर हाय की. आमचंच."

भोरच्या कचेरीत कळलं की घर राहण्यासाठी म्हणून नोंदलेलं आहे. तिथं असं केंद्र चालवायचं तर वापर बदलून घ्यावा लागेल, आणि त्याला आधी ग्रामसभेचा ठराव लागेल. सामाईक मालक म्हणून रखमाजीची संमतीही लागत होती. ती त्यानं हसत हसत दिली.

"म्या कशाला न्हाई म्हणू वैनी? गावानं व्हय म्हटलं की झालं."

दारूच्या बाबतीत गावाचं व्हय-न्हाई ठरवणारी एकच होती, चंद्राबाई. दहा वर्षांपूर्वी तिनं बायका गोळा करून, घरोघर हिंडून, मतदान घडवून गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलं होतं. बाटली आडवी पडली त्या दिवशी सगळ्यांत पुढं नाचली होती ती साळूबाई. म्हणून साळूबाईला वाटलं, चंद्राआक्का आपलीच.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात ठराव वाचला गेला आणि चंद्राबाईच पहिली उठली.

"बाटली आमी गावाबाहेर काढली. आता बेवडं टेम्पो भरून आत आणायचं व्हय गं साळू?"

"आक्का, ते पित न्हाईत. सोडलेली माणसं हायेत."

"सोडलेली! माझ्या सासऱ्यानं धा येळा सोडली हुती. मरताना बी हातात गिलास हुता."

सगळे हसले. नीरजाताई उठून समजावू लागल्या, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमच्या भोरातल्या बंगल्यात ठिवा की!" परत हशा.

मग रखमाजी उठला. तो म्हसोबाचा पुजारी. त्याचा शब्द गावात खाली पडत नसे. "भांडू नगा," तो म्हणाला. "हनमा आपलाच हाय. त्यानं भैरवनाथाच्या देवळात बेल-भंडारा उचलावा. एक मेपातुर थेंब घेतला न्हाई, तर गाव हात वर करंल."

साळूबाईला दिराचे पाय धरावेसे वाटले. दोन वर्षं ज्यानं थेंब घेतला नाही, त्याला तीन महिन्यांचं काय? त्याच संध्याकाळी हनुमंतानं ओंजळीत बेल-भंडारा घेऊन शपथ घेतली. चंद्राबाईनं नारळ फोडला. तो नासका निघाला, पण तिनं पटकन दुसरा फोडला.

हनुमंत कामाला लागला. पडवीला चुना मारला, न्हाणीची फरशी बसवली, कामथडीहून आठ जुन्या खाटा भाड्याच्या टेम्पोत घालून आणल्या. साळूबाई खाटेखाटेवर गोधड्या अंथरून बघायची, परत घड्या करून ठेवायची. आठ माणसांना भाकरी टाकायच्या म्हणून तिनं मोठा तवा काढला आणि राखेनं घासून लख्ख केला. मानसिंगाच्या वेळी जत्रेला पाहुणे यायचे तेव्हाचा तो तवा.

चैत्रात म्हसोबाची जत्रा भरली. धरणाचं पाणी मागं सरलं होतं, देवाचा दगड गाळात कोरडा उभा होता. या म्हसोबाला कोंबडं आणि दारूची धार लागते. धार देवाच्या डोक्यावर धरायची, उरलेली तीर्थ म्हणून घरटी एका पुरुषाला द्यायची. कुणी माळकरी असला तर तो तीर्थ नुसतं डोळ्याला लावतो आणि ओतून देतो. चालत आलेली रीत ती.

हनुमंताची पाळी आली. रखमाजीनं तांब्यातून त्याच्या ओंजळीत धार सोडली. हनुमंतानं ती डोळ्यांना लावली आणि खाली वाकला.

"थांब," रखमाजी म्हणाला. "औंदा देव पाण्याबाहेर हाय. तहानल्याला हाय. औंदा वतून चालायचं न्हाई, पोटात जायाला पायजे."

"तात्या, मला शपथ हाय."

"शपथ दारूची. ही काय दारू हाय? देवाचं तीर्थ ह्ये."

ढोल थांबले. ओंजळीतून थेंब गळत होते. हनुमंतानं तोंड ओंजळीपासून बाजूला वळवलं, आणि ते भीतीनं की वासानं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. रखमाजीनं मान वळवली, बायकांत उभ्या असलेल्या साळूबाईकडं पाहिलं आणि अगदी हळू, घरच्या आवाजात म्हणाला, "दादानं बी धार न्हाई म्हटलं हुतं, वैनी. इसरला काय?"

विसरणार कशी? मानसिंगानं माळ घातली त्या वर्षी तीर्थ घेतलं नव्हतं, आणि त्याच श्रावणात धरणाच्या दरवाजावरून पाय घसरून तो खाली गेला. तिसऱ्या दिवशी वर आला तेव्हा ओळखायला नुसती माळ उरली होती. ज्यांनी धार ओतून दिली असे गावात दहाजण होते आणि ते सगळे धडधाकट होते, हे त्या घटकेला साळूबाईला सुचलं नाही. तिला फक्त पाण्यात फुगलेला नवरा दिसला आणि त्याच्या जागी पोरगा.

"घे बाळा," ती ओरडली. "देवाचं हाय. घे!"

हनुमंतानं आईकडं बघितलं. मग ओंजळ तोंडाला लावली आणि बोटंसुद्धा चाटली. ढोल पुन्हा सुरू झाले. साळूबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

एक मेला शाळेच्या पटांगणात ठराव परत आला. चंद्राबाई उठली. "हनमानं जत्रंत घेतली. समद्यांनी बघितली."

"तीर्थ हुतं ते!" साळूबाई म्हणाली. "भावजी, सांगा की तुमी. तुमीच दिलं."

रखमाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दिलं, वैनी. तीर्थच दिलं. पर तांब्यात काय हुतं ते बी गावाला ठावं हाय. कापूरहोळहून आणल्याली बाटली म्याच फोडली. खोटं कसं बोलू, देवाचा पुजारी म्या."

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. साळूबाई नीरजाताईंकडं वळली. या शिकलेल्या बाई, यांना तरी कळेल. नीरजाताईंनी हनुमंतालाच विचारलं, "घेतलीत?"

खोटं बोलायचं नाही, हे त्याला केंद्रातच शिकवलं होतं.

"घेतली."

"जत्रेनंतर?"

"रोज."

खाटा लावलेल्या खोलीत तो रोज दार लावून एकटाच पीत होता, आणि आई चुलीपाशी भाकरी झाकून त्याची वाट बघत होती. नीरजाताईंसाठी नियम तो नियम. घर सांभाळणारा माणूस कोरडा पाहिजे. त्यांनी अर्ज मागं घेतला. तरी ठराव मताला टाकला गेला, गावाला हात वर करायचेच होते. सगळ्यांत आधी रखमाजीचा वर गेला, ठरावाच्या विरोधात.

हनुमंत त्या पावसाळ्यात गेला. कापूरहोळच्या फाट्यावर, बंद गॅरेजच्या पत्र्याखाली तो पडलेला होता. लोकांना वाटलं, प्यालाय, उठेल. दुपारपर्यंत कुणी हात लावला नाही.

नीरजाताईंनी वेल्ह्याच्या बाजूला दुसरं घर बघितलं. तिथंही गावानं नाही म्हटलं. आता त्या भोरमध्ये फक्त दवाखाना चालवतात आणि केंद्राचा विषय निघाला की घड्याळ बघतात.

चंद्राबाईचा दारूबंदीबद्दल तालुक्याला सत्कार झाला. मिळालेली शाल ती लग्नाकार्यात पांघरते.

घराचा वापर पुढच्याच वर्षी बदलून मिळाला. रखमाजीच्या मुलानं, गोरखनं, पाण्याकाठचं रिसॉर्ट काढायचं ठरवलं. ग्रामसभेचा ठराव चहा येईस्तोवर मंजूर झाला. एकट्या बाईनं एवढ्या घरात काय करायचं, म्हणून हक्क सोडल्याच्या कागदावर साळूबाईचा अंगठा आधीच घेतला होता. पडवीत आता शनिवार-रविवारी शहरातले पाहुणे पाण्याकडं तोंड करून पितात. गावात दुकान नाही, म्हणून ते बाटल्या बरोबर आणतात. त्याला चंद्राबाईची हरकत नाही. बाटल्या काय, येतात आणि जातात.

रखमाजी थकलाय, पण धार अजून तोच धरतो.

साळूबाई मागच्या चुलीवर त्याच मोठ्या तव्यावर भाकरी टाकते. पाहुण्यांना त्या फार आवडतात. फोटो काढताना ते तिला हसायला सांगतात, आणि ती हसते.