तीन नंबरची शीळ

कारखान्यात लोखंडी कपाटं बनायची, आणि ती रंगवायचं खातं अगदी मागच्या अंगाला होतं. रंगाची वाफ बाहेर ओढून टाकायला छपरावर चार पंखे होते. पंखे म्हणजे घरात गरगरतात तसले नव्हेत. एकेकाच्या पोटात माणूस आरामात उभा राहिला असता. शेजारी मोटर, मोटरवरून पंख्याच्या दांड्याकडे गेलेले रबरी पट्टे, आणि दांड्याला दोन्हीकडून धरून ठेवणारी बेअरिंगं. या सगळ्या लवाजम्याची देखभाल दोन फिटर करत. एक कानसेन आणि दुसरा त्याचा सख्खा मेव्हणा, भोंगा. दोघांची खरी नावं हजेरीपुरतीच उरली होती.

कानसेनाला हे नाव फुकट मिळालेलं नव्हतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचावर, टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "ग्रीस मागतोय," किंवा "पट्टा जास्त ताणलाय, दांडा कण्हतोय." उघडून बघितलं की तसंच निघायचं. भोंग्याचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं. तो कुजबुजला तरी पलीकडच्या खात्यातली माणसं मान वळवून बघत. चालू पंख्याशेजारी असा जोडीदार सोयीचाच. पण तो घरीही तसाच बोलायचा, आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे कानसेनाची बायको, भाऊ आला की आधी खिडक्या लावून घ्यायची.

दोघांचं एरवी गूळपीठ होतं. भांडण एकच, पण वर्षानुवर्षं जपलेलं. कानसेन म्हणायचा, तीन नंबरच्या पंख्याला, मोटरकडच्या बेअरिंगमध्ये, एक बारीक शीळ आहे. भोंगा तोच स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचा आणि मान हलवायचा.

"दाजी, ही शीळ तुमच्या डोक्यात वाजते. बेअरिंग गरम होत नाही, थरथरत नाही. चांगलं चाललेलं उघडायचं कशाला?"

"तुला स्वतःच्या आवाजापुढे काय ऐकू येणार?" कानसेन म्हणायचा, आणि तो विषय चहाच्या कपांबरोबर धुऊन ठेवला जायचा.

मग कानसेनाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, सक्तीची विश्रांती झाली, आणि तो कामावर परतला तेव्हा सगळं जग घासूनपुसून ठेवल्यासारखं दिसत होतं. स्क्रूच्या डोक्यावरचा गंज दिसत होता, पट्ट्याच्या कडेला सुटलेला दोरा दिसत होता, भोंग्याच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसत होते.

"म्हातारा झालास की रे."

"तुम्ही आमच्याकडे जावई म्हणून आलात, तेव्हापासूनच," भोंगा म्हणाला.

कानसेनाने हौसेने स्क्रूड्रायव्हर काढला. पहिले दोन पंखे ठीक होते. तीन नंबरला मूठ कानामागे लावली. पंख्याची घरघर होती, पट्ट्यांची सळसळ होती, पण ती ओळखीची शीळ नव्हती. त्याने टोकाची जागा बदलली, कान बदलला, श्वास रोखून धरला. शीळ नव्हतीच.

बेअरिंग आपोआप सुधारत नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे बिघडलं होतं ते बेअरिंग नव्हे. त्याच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी बारीक आवाज गेले, पाखरांचे, किल्ल्यांच्या जुडग्याचे. मग बायकोचा गेला, त्याबद्दल भावाची फारशी तक्रार नव्हती. शेवटी सगळेच गेले, आणि आता तो लग्नकार्यात कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघून हसायचा. कानसेनाला तो कोपरा डोळ्यांसमोर दिसला, आणि तोही नव्या डोळ्यामुळे अगदी स्वच्छ.

भोंगा चिंधीला हात पुसत त्याच्याकडे बघत होता. "काय म्हणतोय तीन नंबर?"

"बराय."

"एवढंच?"

"एवढंच," कानसेन म्हणाला आणि शिडी उतरू लागला.

पुढचे काही दिवस तो चोरून स्वतःची परीक्षा घेत राहिला. भोंग्याच्या बोलण्यावर परीक्षा घेण्यात अर्थ नव्हता, ते भिंतीलाही ऐकू गेलं असतं. घरी तो नळाच्या टपटपीकडे कान लावून बसे. बायको स्वयंपाकघरात पुटपुटली असं वाटून "हो, आणतो" म्हणे. ती बाहेर येऊन विचारी, "अहो, मी काही बोललेच नाही. काय आणताय?" एकदा ती खरंच बोलली आणि तो गप्प राहिला, तेव्हा तिने डोळ्यात औषध घातलं का म्हणून विचारलं. सगळ्या घराचं लक्ष डोळ्याकडे होतं, आणि कानाचं कुणाला सांगायची त्याची छाती होत नव्हती. सांगितलं की फोरमन त्याला स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवणार. कानसेन हे नाव मग लोक हसण्यासाठी वापरणार.

एका सकाळी रंगखात्यातली सगळ्यात जुनी रंगारीण तोंडावरचा मास्क खाली करून त्याला म्हणाली, "आलात ते बरं झालं. तुम्ही नव्हता तर आम्ही सारखं वर बघायचो. आता वर बघायला नको."

तो हसला, पण तिचं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. बेअरिंग आतल्या आत झिजून जाम झालं, पट्टा पुलीवर घासून पेटला, आणि खाली थिनरचे डबे उघडे असले तर? या बायका ज्याच्या भरवशावर वर बघत नव्हत्या, तो तीन नंबरला "बराय" म्हणून खाली उतरला होता. ऐकलं काहीच नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद झाले तेव्हा रंगखात्याच्या वरच्या माळ्यावर, फिटरांच्या खोलीत, दोघेच होते. कानसेनाने स्क्रूड्रायव्हर भोंग्याच्या डब्याशेजारी ठेवला.

"आजपासून हा तुझ्याकडे. माझे कान गेले."

"काय गेलं?"

"कान. तीन नंबरची शीळ मला ऐकू येत नाही. आलो त्या दिवसापासून. मी तुला खोटं सांगितलं. फोरमनला मीच सांगतो, पण तोवर तू ऐकत जा. खाली माणसं आहेत."

भोंग्याचा घास हातातच राहिला. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, आणि मग तो असा काही कसनुसा झाला की कानसेनाला वाटलं, याला ठसका लागला.

"दाजी," तो म्हणाला, "शीळ नाहीच आहे."

"तेच तर तू इतकी वर्षं म्हणतोयस."

"तसं नाही हो. होती. आता नाही. मी बेअरिंग बदललं."

कानसेनाने स्टूल पुढे ओढलं. "कधी?"

मग भोंग्याने सगळं सांगितलं. दाजी सुट्टीवर असताना तीन नंबरचा पट्टा बदलायला आला. पट्टे उतरवल्यावर दांडा हाताने फिरवून बघितला तर बोटांना बारीकशी अडखळ लागली, भातात खडा लागावा तशी. बेअरिंग उघडलं तर आत गोळ्या फिरतात त्या वाटेवर ओरखडे पडलेले, मोटरच्या बाजूला, दाजी सांगत होते तिथेच. नवीन बेअरिंग त्याच घरात बसवलं, झाकण लावलं, जुनेच बोल्ट आवळले, म्हणजे बाहेरून काही कळायला नको.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मरेपर्यंत ऐकवलं असतं. म्हटलं, येतील, कान लावतील, विचारतील, मग कबूल करू. तर तुम्ही 'बराय' म्हणून खाली उतरलात. मला वाटलं, म्हणजे शीळ यांनी कधी ऐकलीच नव्हती, इतकी वर्षं नुसत्या थापा. मीच मनातून रागावलो होतो तुमच्यावर."

भोंगा उठला, स्वतःच्या कपाटातून चिंधीत गुंडाळलेलं जुनं बेअरिंग काढलं, आणि ते दाजींच्या कानाशी धरून बोटाने सावकाश फिरवलं.

चिर्र्र.

तीच होती. पंख्यावर धावायची ती इथे रांगत होती, पण होती तीच. कानसेनाचे डोळे भरून आले, नवा आणि जुना दोन्ही, आणि छातीवरचा धोंडा असा उतरला की त्याला हसूच फुटलं.

"अजून एकदा फिरव."

भोंग्याने फिरवलं. मग दुसऱ्या कानाशी धरून फिरवलं. तिथेही शीळ वाजली.

मग भोंगा जन्मात पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात बोलला. बेअरिंगकडे बघत, ओठातल्या ओठात म्हणाला, "चुकलं माझं, दाजी. तुमचं बरोबर होतं."

कानसेनाने हात कानामागे धरला. "काय? ऐकू नाही आलं."

भोंगा क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि तेच पुन्हा सांगितलं, आणि खाली रंगखात्यात डबा खात बसलेल्या सगळ्या बायकांनी एकदम वर बघितलं.