नकाशावरचा कलश

माझ्यातून रोज कुणी ना कुणी बोलतं. आज मीच बोलतोय. मी वसुधाबाईंचा फोन. राहणार बोरिवली पश्चिम, दुसरा मजला, देवघराशेजारचा कोनाडा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पहिली आठवण आहे ती हळदीच्या वासाची. गंधालीने, म्हणजे वसुधाबाईंच्या लेकीने, पहिल्या नोकरीच्या दिवाळीला मला घरी आणलं. वसुधाबाईंनी खोक्यातून काढून मला पाटावर ठेवलं आणि हळदकुंकू लावलं.

"अगं आई, स्पीकरमध्ये जाईल ते," गंधाली म्हणाली.

"जाऊ दे. पहिलं ऐकेल ते शुभ ऐकेल."

त्या हळदीचा एक कण अजून माझ्या जाळीत अडकलेला आहे.

वसुधाबाईंचं वर्ष व्रतांवर चालतं. संकष्टी, श्रावणी सोमवार, हरतालिका, मार्गशीर्षातले गुरुवार. मला त्यांनी त्यातच सामील करून घेतलं. सकाळी माझ्यावर आरत्या लागायच्या, संकष्टीला चंद्रोदय बघायला मला हातात घ्यायच्या. त्यांच्या घरात काही संपत नाही. तांदूळ संपले असं म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. घराबाहेर पडताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. आणि व्रताच्या दिवशी तोंडातून नाही हा शब्द काढत नाहीत. दारावर भिक्षेकरी येवो, वर्गणीवाले येवोत की शेजारची नीलम वाटीभर साखर मागायला येवो, त्या दिवशी नकार नाही. मला हे सगळं गोड वाटायचं. सांगायला आता लाज वाटते, पण वाटायचं.

मग गंधालीचं लग्न झालं. मुलुंडचं घर, जावई केयूर, दिसायला देखणा, वागायला अदबीचा. मला मात्र तो वेगळा ऐकू यायचा. गंधाली माहेरी आली की तिचा फोन माझ्या शेजारी चार्जिंगला असायचा, आणि तो बिचारा सारखा थरथरायचा. कुठे आहेस? बोरिवलीत आहेस तर ठिपका स्टेशनपाशी का दिसतोय? फोटो पाठव. आईसोबत पाठव. केयूरने तिचा ठावठिकाणा स्वतःच्या फोनवर कायमचा उघडा करून घेतला होता. ती भाजी घ्यायला थांबली तरी त्याला कळायचं.

गेल्या गणपतीनंतर ती एका दुपारी घरी आली ती उजव्या मनगटाला प्लॅस्टर घालून. पडले म्हणाली. दोन दिवसांनी म्हणाली, पाडलं. माहेरी तो येणारच, म्हणून तिने बोरिवलीत राहायचं नाही असं ठरवलं. साकीनाक्याला एका गल्लीत, खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आणि वर खोल्या, अशा ठिकाणी शांताबाई नावाच्या बाईंकडे तिने खोली घेतली. जवळच्या दवाखान्यात नाव नोंदणीच्या टेबलावर काम धरलं. फोनही नवा घेतला. पत्ता फक्त आईवडिलांना ठाऊक.

जायच्या आधी तिने मला हातात घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून बसली.

"आई, इकडे बघ. सेटिंग्ज. मग लोकेशन. हे बघ किती जणांना तू सांगतेयस तू कुठे आहेस ते. टॉर्चला कशाला हवंय? अंधार कुठे आहे ते त्याला कळून काय करायचंय?"

"मी कुठे दिलं? त्यांनीच घेतलं असेल."

"विचारतात ते. तू हो म्हणतेस. रेसिपीवाल्यालाही दिलंयस. त्याला काय, तुझ्या घरी जेवायला यायचंय?"

श्यामसुंदरराव, म्हणजे वसुधाबाईंचे यजमान, पेपरामागून हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

एकेक करून गंधालीने सगळ्यांची परवानगी काढली. पंचांगाच्या ॲपपाशी वसुधाबाईंनी तिचा हात धरला. "हे राहू दे गं. चंद्रोदयाला लागतं."

"बरं, हे एक राहू दे. ते पण वापरताना फक्त. आणि फोटोंच्या ॲपवर केयूर अजून तुझ्या मित्रयादीत आहे. त्याला काढ."

"काढते."

"आत्ता काढ."

"काढते म्हटलं ना. जावई आहे गं, एकदम दारातून ढकलल्यासारखं..."

गंधालीने बॅग उचलली. तिची रिक्षा खाली आली होती.

त्यांनी त्याला काढलं नाही. दोनदा नावापर्यंत गेल्या, मला माहीत आहे. दोन्ही वेळा बोट तिथे थांबलं आणि मला पालथं ठेवलं. त्यांच्या मनात काय होतं तेही मला माहीत आहे, कारण मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी चौरंगापाशी बसून त्यांनी संकल्प पुटपुटला तेव्हा मी हातभर अंतरावर होतो. माझ्या गंधालीचं घर पुन्हा बसू दे. त्याला सुबुद्धी दे.

त्या गुरुवारी मांडणी फार सुंदर झाली होती. तांदळाची रास, कलशात पाच झाडांच्या डहाळ्या, नारळाला मुखवटा, जुन्या पैठणीची निरी. नीलम डोकावली. "वसुधाताई, फोटो नाही टाकलात? आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांनी टाकले."

म्हणून त्यांनी फोटो काढला आणि फोटोंचं ॲप उघडलं. ते नुकतंच नवीन होऊन आलं होतं. नव्या सुनेसारखं नव्हे, नव्या मालकासारखं. त्याने माझ्या तोंडून विचारलं, तुमचं स्थान वापरू द्यायचं का? खाली तीन उत्तरं होती. ॲप वापरताना. फक्त या वेळी. अनुमती देऊ नका.

वसुधाबाईंनी चष्मा वर केला. शेवटचं उत्तर वाचताना त्यांचे ओठ हलले. समोर निरांजन तेवत होतं. गुरुवार होता. नका हा शब्द त्यांच्या बोटाला जमला नाही. त्यांनी पहिल्यावर टेकवलं. लगेच दुसरा प्रश्न आला, मित्रांना तुमचे फोटो नकाशावर दिसू द्यायचे का? एकदा हो म्हटल्यावर पुढच्याला कसं नाही म्हणायचं? तिथेही हो.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण आम्हा फोनांचा आवाज दुसऱ्यांचा असतो. आम्ही विचारतो ते सुद्धा दुसऱ्याच्या वतीने.

तीन गुरुवार काही बिघडलं नाही. नकाशावर बोरिवलीत तीन कलश दिसले. बोरिवली सगळ्यांना ठाऊकच होतं.

चौथा गुरुवार उद्यापनाचा. वसुधाबाईंनी छोटा तांब्या, नारळ, डहाळ्या, पोथी असं सगळं कापडी पिशवीत भरलं आणि मला पर्समध्ये टाकलं. लेकीच्या हातूनच उद्यापन करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. अंधेरीला उतरून मेट्रोने साकीनाका. गल्लीत शिरल्यावर लेथच्या आवाजाने माझी काच हलत होती.

गंधालीची खोली एवढीशी. पलंगाखालची पेटी ओढून तिच्यावर रुमाल घातला, झाला चौरंग.

"आई, मला कुंकू लावू नकोस. मी कसली सवाष्ण आता."

"गप्प बस. नारळ ठेव."

तिने नारळ ठेवला. त्याच क्षणी वसुधाबाईंनी फोटोंच्या ॲपमधूनच फोटो काढला. चेहरा मुद्दाम घेतला नाही, एवढी काळजी त्यांनी घेतली होती. फक्त कलश, पोथी, पाच फळं, आणि कडेला नारळावर टेकलेली तिची चार बोटं. मनगटावरची ऑपरेशनच्या टाक्यांची रेघ चौकटीबाहेर राहिली. मग आई-लेकीने खीरपुरी खाल्ली. गंधाली म्हणाली दवाखान्यातले डॉक्टर तिला हिशोबाचं कामही शिकवणार आहेत. शांताबाईंना वाण दिलं. त्या म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय, बाय. ऱ्हाऊ दे हितंच."

परतताना मेट्रोच्या जिन्यावर वसुधाबाईंनी फोटो टाकला. खाली लिहिलं, उद्यापन संपन्न, देवीची कृपा. पण फोटो जिथे काढला ती जागा मी फोटोच्या पोटात आधीच लिहून ठेवली होती. अचूक. गल्ली, इमारत, अगदी वर्कशॉपच्या पत्र्याचा कोपरा. माझं कामच ते. मी ते चोख केलं.

संध्याकाळी केयूरचा शेरा आला. छान मांडणी, आई. पुढे जोडलेले हात.

"अहो, बघितलंत का," वसुधाबाई श्यामसुंदररावांना म्हणाल्या, "केयूररावांनी हात जोडलेत. देवीने सुबुद्धी दिली वाटतं."

श्यामसुंदररावांनी पेपर खाली केला. "अजून आहे तो तुझ्या यादीत?"

वसुधाबाई पुन्हा ते जोडलेले हात बघत राहिल्या. चेहरा उजळला होता. तो चेहरा माझ्या काचेत पडला होता, म्हणून सांगतो.

शनिवारी सकाळी गंधालीचा फोन आला. आवाज एकदम खाली.

"आई, केयूर खाली उभा आहे. वर्कशॉपसमोर."

वसुधाबाईंच्या छातीतून एक श्वास सुटला, आणि तो दुःखाचा नव्हता. "आला तो? स्वतःहून? एकदा बोलून तरी बघ गं त्याच्याशी."

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला.

"आई, तू सांगितलंस त्याला?"

"देवाशप्पथ नाही."

"थांब." ती फोनवरच काहीतरी बघत असावी. मग म्हणाली, "आई, नकाशावर तुझा कलश दिसतोय. माझ्या खोलीवर."

मी वसुधाबाईंच्या कानाला लागलो होतो. त्यांचा कान थंड पडला.

केयूरने हात लावला नाही. आरडाओरडा केला नाही. तो नुसता उभा राहायचा, सकाळी वर्कशॉपसमोर, दुपारी दवाखान्यासमोर. चौकीत तक्रार लिहून झाली. दोन दिवस दिसला नाही, तिसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन शांताबाईंच्या दारात. बायकोला न्यायला आलोय म्हणाला, घरचं भांडण आहे. आणि जाताना त्याने जिन्यात गंधालीला एवढंच सांगितलं की या वेळी डावं मनगट.

शांताबाईंना दोन नाती होत्या. "माझ्या दारात हे नको, बाय," त्या म्हणाल्या. त्यांना तरी काय बोलावं. दवाखान्यातही डॉक्टरांनी नजर चुकवली.

आठवड्याने पुन्हा फोन आला. मागून बसस्टँडसारखा गोंगाट.

"आई, मी मुंबई सोडतेय. कुठे ते सांगत नाही."

"मला पण नाही?"

"तुझ्यावर राग नाही गं. पण तुला कळलं की तुझ्या फोनला कळेल. जाते मी."

"येते म्हणावं गं," वसुधाबाई सवयीने म्हणाल्या. फोन बंद झाला होता.

त्या दुपारी त्यांनी मला घेऊन जमिनीवर मांडी घातली, लेक बसली होती तिथेच. सेटिंग्ज, मग लोकेशन. पाठ केल्यासारखं पुटपुटत होत्या. लेकीने आधी बंद केलेल्यांनाही पुन्हा, एकेकाला, अनुमती देऊ नका. केयूरला काढलं, अडवलं. फोटोंचं ॲपच पुसलं. शेवटी पंचांग राहिलं, तेही बंद केलं. आता संकष्टीला त्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मुंबईची ओळ शोधतात. आयुष्यात क्वचित म्हटलेला नाही हा शब्द त्यांनी एका दुपारी वीसपंचवीस वेळा म्हटला, आणि ज्याच्यासाठी म्हणायचा होता ते आधीच हातचं गेलं होतं.

त्यानंतर दोनदा अनोळखी नंबर वाजला. आपल्याकडे फोन उचलला की पहिला प्रश्न असतो, कुठे आहेस? तो वसुधाबाईंच्या ओठांपर्यंत आला, मला त्याची वाफ लागली. त्यांनी तो गिळला.

"जेवलीस का?"

"हो."

"हात दुखतो?"

"थंडीत."

एवढंच. दुसऱ्या वेळी गंधाली म्हणाली की त्याने तिच्या एका मैत्रिणीला गाठलंय, आता फोन करणं नको, काही दिवस. ते काही दिवस अजून चालू आहेत. दोन संकष्ट्या झाल्या, मग सहा, मग त्यांनी मोजणं सोडलं. नवीन संकल्प मात्र केलाय. घर बसू दे असं आता म्हणत नाहीत. ती जिथे असेल तिथे कुणाला सापडू नये, एवढंच मागतात. स्वतःची लेक सापडू नये म्हणून आईने उपास धरलेला मी पहिल्यांदाच पाहतोय.

आता माझी बॅटरी फुगली आहे. पाठ उघडी पडली. दुरुस्तीवाला म्हणाला, काकू, घरात ठेवू नका याला. मागच्या गुरुवारी श्यामसुंदररावांनी नवा फोन आणला आणि सिम त्यात घातलं, नंबर तोच राहायला हवा म्हणून. नवा चालू झाला तसा त्याने गोड आवाजात विचारलं, तुमचं स्थान वापरू द्यायचं का?

वसुधाबाईंनी देवाकडे पाहिलं नाही. सरळ नाही म्हटलं.

नव्या भावा, वसुधाबाई तुला सारखं हातात घेऊन बघतील. तू वाजला नाहीस तरी बघतील. त्यांच्यावर चिडू नकोस. आणि चुकून कधी वाजलास, तर तुला काय कळलं ते कुणाला सांगू नकोस.

बॅटरी काढून मला देवघराच्या खणात ठेवलंय, वाणाच्या उरलेल्या पोथ्यांशेजारी. बाकीचं सगळं त्यांनी पुसलं, तो एक फोटो ठेवला. कारण त्यात चार बोटं आहेत. त्या फोटोच्या पोटात जागाही आहे, अचूक, पत्र्याच्या कोपऱ्यासकट. गंधालीचा एवढा एकच पत्ता मला माहीत आहे, आणि तिथे ती नाही.