परीक्षेआधी बरं व्हायचं नाही

सत्यभामाताई बऱ्या होत चालल्या आहेत, ही बातमी विभागात पोहोचली ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी. ऐकून कोणालाही आनंद झाला नाही.

"किती?" कमळाकर सरांनी विचारलं.

"अकरा, सर," क्रांती म्हणाली.

"आणि महिन्यापूर्वी?"

"बावीस. ऑक्टोबरमध्ये एकतीस होता."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढी घाई काय होती, कासारे?"

क्रांती कासारे एकोणतीस वर्षांची, शिरवण्यात वाढलेली, खारघरच्या एका खाजगी विद्यापीठात क्लिनिकल मानसशास्त्राची डॉक्टरेट करणारी. प्रबंध देऊन झाला होता. उरली होती ती प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तिच्यातली 'लाँग केस'. उमेदवारानं आपल्या ओपीडीतला एक रुग्ण बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर आणायचा, त्याची मुलाखत घ्यायची, लक्षणं दाखवून द्यायची, निदान मांडायचं, उपचारांचा आराखडा सांगायचा. पन्नास मिनिटं, शंभर गुण, पास पन्नासला. रुग्ण अर्थातच आजारी लागतो. किती आजारी, तेही नियमात लिहिलेलं आहे. ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असेल तर चाळीसच्या मोजपट्टीवर कमीत कमी सोळा. सोळाच्या खालचा माणूस विद्यापीठाच्या लेखी रुग्ण नव्हे, पाहुणा.

परीक्षा होती सत्तावीस तारखेला. पालिकेच्या एका रुग्णालयानं क्रांतीला मानसशास्त्रज्ञाची जागा देऊ केली होती, पण एप्रिलपर्यंत पदवी आणली तरच. पुढची परीक्षा थेट ऑगस्टमध्ये. म्हणजे हिशेब सोपा होता. सत्तावीस तारखेला सत्यभामाताई आजारी असल्या तर नोकरी, बऱ्या असल्या तर नाही.

सत्यभामाताई द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात गेटवर क्लार्क. वय त्रेचाळीस, माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. आत येणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या सीलचा नंबर कागदाशी ताडून बघायचा, हे त्यांचं काम. एकदा बघायचा असतो. त्या परत जायच्या. कंटेनर यार्डात लागल्यावर तिथवर चालत जाऊन पुन्हा बघायच्या. एका कंटेनरसाठी चौदा फेऱ्या हा त्यांचा स्वतःचा उच्चांक. घरचं कुलूप ओढून बघायला त्या बसस्टॉपवरून तीनदा माघारी फिरायच्या आणि त्यासाठी दीड तास आधी निघायच्या. कंपनीला यात आजार दिसला नाही. तिनं त्यांना चार वेळा 'महिन्याच्या सर्वोत्कृष्ट कर्मचारी' म्हणून निवडलं आणि फोटो गेटवर लावला. तो सरळ लागलाय का, हेही त्या दिवसातून सात-आठदा बघायच्या.

क्रांतीचा उपचार ऐकायला साधा होता. एकदाच बघायचं, मागं वळायचं नाही, छातीत जे होईल ते होऊ द्यायचं, आपोआप ओसरेपर्यंत. करायला अवघड. ताईंनी तो चार महिने चिकाटीनं केला, हीच अडचण झाली.

"इतर विद्यार्थी केस राखतात," सर म्हणाले. "त्या सौरभकडे बघ."

सौरभकडे मानसिंगराव होते. मानसिंगरावांना आपलं हृदय कधीही बंद पडेल अशी पंधरा वर्षं खात्री आहे, आणि अकरा डॉक्टरांनी ती खोटी ठरवूनही ती ढळलेली नाही. ते बिघडत नाहीत आणि बरेही होत नाहीत. त्यामुळे चार तुकड्या त्यांच्यावर पास झाल्या. जाणारे सीनियर येणाऱ्या ज्युनियरला त्यांचा नंबर देऊन जातात. परीक्षेच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि उमेदवार गडबडला तर हळूच सांगतात, "आधी झोपेचं विचारा, मॅडम. मग छातीचं. क्रम चुकला की गुण जातात."

"दुसरी केस घेऊ का, सर?"

"अठरा दिवसांत? किमान बारा सेशन झालेली लागते." सरांनी चष्मा परत घातला. ते विभागात व्यावसायिक नीतिमूल्यांचा पेपर शिकवतात, त्यामुळे शब्द तोलून वापरतात. "उपचार थांबव, असं मी म्हणणार नाही. ते अनैतिक होईल. पण दोन आठवडे खंड पडला, तर तो खंड असतो. माणसं गावी जातात. लग्नसराई असते."

"त्यांच्याकडे लग्न नाहीये, सर."

"ते मला कशाला सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी चार वाजता, सत्यभामाताई दोन बस बदलून आल्या त्या हसतच.

"मॅडम, काल काय झालं म्हायतीय का? कुलूप लावलं आनि थेट स्टॉपवर! मागं बगितलंच न्हाई. तर आमचे मालक मागनं पळत आले."

"का?"

"म्हनले, कशावरनं रागावलीस? कुलूप न ओढता निघालीस ते?"

क्रांतीही हसली. मग तिनं फाइल उघडली, बंद केली, आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं. "ताई, पुढचे दोन आठवडे आपण थोडा खंड घेऊया. घरचा सराव नको. तपासावंसं वाटलं तर तपासा."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या.

"एकोनीस वर्सं सील बगतीय मी," त्या म्हणाल्या. "फोडून परत चिकटवलं असंल तर मला लांबनं कळतं. काय झालंय?"

रुग्णाला परीक्षेचे निकष सांगू नयेत, असा नियम आहे. क्रांतीनं सगळे सांगितले.

"म्हंजे मी बरी झाले तर तुमी नापास?"

"अगदी असंच नाही..."

"असंच हाय की!" ताईंना हसू आवरेना. "आमच्याकडं तरी काय वेगळं हाय? गेल्या महिन्यापासनं गेटवर एक गाडी खोळंबली न्हाई, तर मॅनेजर म्हनतो, बाई, तुमचं आताशा लक्ष नसतं. गेटवरचा फोटो पन काढून टाकला." त्या पुढं सरकल्या. "मी करते की. परीक्षेच्या दिवशी. कडी-बिडी ओढायची, उठबस करायची. वीस वर्सं केलंय, नाटक ते काय करायचंय?"

"नको, ताई."

"तीनदा ओढीन. पुरं ना?"

"नको म्हटलं ना."

ताईंनी चौथ्यांदा विचारलं तेव्हा क्रांतीनं नको म्हणायचं थांबवलं. हो ती म्हणाली नाही. नंतर स्वतःला सांगायला तिला हा मुद्दा बराच उपयोगी पडला.

कँटीनमध्ये सौरभनंही तिला धीर दिला. "यार, टेन्शन कसलं घेते तू? ॲक्टिंग नाहीये ती. रिव्हिजन आहे."

"तिची रिव्हिजन, की माझी?"

"पास होणाऱ्याची. आणि तू इमोशनल नको होऊ हां. पेशंट बरी आहे ना? मग पन्नास मिनिटांत काय होतंय तिला?"

सत्तावीस तारखेला सकाळी क्रांतीनं नियमाप्रमाणे पुन्हा मोजपट्टी भरून घेतली. ताईंनी प्रत्येक प्रश्नाला जरा विचार करून, जरा वाढवून उत्तर दिलं. बेरीज एकोणीस आली. त्यातले आठ गुण कुठून आले, हे दोघींनाच माहीत होतं. क्रांतीनं खाली सही केली.

साडेअकराला त्यांचा नंबर लागला. परीक्षक होत्या नागपूरहून आलेल्या डॉ. सुनयना बारलिंगे. त्यांच्यासमोर गुणपत्रक होतं आणि त्यात चार रकाने: माहिती घेणं वीस, लक्षणं दाखवून देणं चाळीस, निदान मांडणं पंचवीस, उपचारांचा आराखडा सांगणं पंधरा. कमळाकर सर कोपऱ्यात अंतर्गत परीक्षक म्हणून बसले होते.

पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. क्रांतीनं विचारलं, ताईंनी सांगितलं: कुलूप, सील, चौदा फेऱ्या. सगळं खरं होतं, फक्त जुनं होतं.

"इथं, या खोलीत, आत्ता काही तपासावंसं वाटतंय का?" बारलिंगे मॅडमनी मध्येच विचारलं.

ताई याचीच वाट बघत होत्या. उठल्या, दारापाशी गेल्या, कडी ओढून बघितली आणि परत येऊन बसल्या. मग पुन्हा उठल्या. मग तिसऱ्यांदा. क्रांतीनं श्वास सोडला. ठरल्याप्रमाणे झालं होतं, म्हणजे न ठरवता ठरल्याप्रमाणे.

ताई चौथ्यांदा उठल्या.

यावेळी त्यांनी क्रांतीकडे बघितलं नाही. कडी ओढली, सोडली, परत ओढली. अंगठा कडीच्या टोकावरून घासून नेला, पुन्हा घासला. हा अंगठा क्रांतीनं ऑक्टोबरमध्ये बघितला होता, नोव्हेंबरमध्ये, आणि त्यानंतर नाही. ताई खुर्चीपर्यंत आल्या आणि न बसता माघारी वळल्या. पाचव्यांदा. मान लाल झाली होती.

"छान," बारलिंगे मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "लक्षणं अगदी ठळक आहेत. असं सहसा बघायला मिळत नाही."

सरांनी क्रांतीला नजरेनं शाबासकी दिली आणि घड्याळाकडे बोट केलं. पंचवीस मिनिटं उरली होती. आता वळायचं, निदान मांडायचं, आराखडा सांगायचा. ताई दाराशी उभ्या होत्या आणि कडीवरचा हात त्यांना काढता येत नव्हता. सातवी वेळ.

"मिस कासारे, निदानाकडे या," मॅडम म्हणाल्या.

क्रांती उठली आणि दारापाशी गेली.

"ताई, हात खाली."

"मॅडम, नीट लागली न्हाई ही."

"लागली असेल, नसेलही. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत करून घ्यायचं नाहीये."

"एकदा बगू द्या. शेवटचं."

"शेवटचं किती वेळा झालं?"

ताईंचे डोळे भरून आले. "मी नाटकच करत हुते वो. तिसऱ्यापातुर नाटकच हुतं."

"माहीत आहे मला. हात खाली घ्या. छातीत किती वाटतंय, शंभरपैकी?"

"नव्वद."

"उभ्या राहू. मी आहे इथं. कडीकडे बघायचं, हात लावायचा नाही."

"मिस कासारे," मॅडम मागून म्हणाल्या, "उपचार सांगायचे आहेत. विचारल्यावर."

"हो, मॅडम," क्रांती म्हणाली आणि जागची हलली नाही.

सर खाकरले. मग पुन्हा खाकरले, यावेळी जास्त मोठ्यानं. नव्वद बराच वेळ नव्वदच राहिला. नवव्या मिनिटाला सत्तर झाला. ताई दोनदा हात पुढं नेऊन थांबल्या. एकोणिसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "पस्तीस असंल," आणि त्यांनी पदरानं मान पुसली. तेवढ्यात परिचरानं दार ढकललं आणि पुढचा उमेदवार आल्याचं सांगितलं. कडी मुळात लागलेलीच नव्हती.

पुढचा उमेदवार सौरभ होता. मानसिंगराव त्याच्या मागं, इस्त्रीच्या शर्टात.

निकाल सोमवारी लागला. सौरभला एकाहत्तर. क्रांतीला माहिती घेण्यात चौदा, लक्षणं दाखवून देण्यात तेहतीस, निदानात शून्य, आराखड्यात शून्य, एकूण सत्तेचाळीस. शेऱ्याच्या रकान्यात बारलिंगे मॅडमनी एकच ओळ लिहिली होती: 'उमेदवाराने परीक्षा सुरू असताना रुग्णावर उपचार केले.'

"तेहतीस!" कमळाकर सर हळहळले. "यंदा विभागात सर्वांत जास्त. एवढी सोन्यासारखी केस, आणि मध्येच उठलीस. आराखडा नुसता बोलून दाखवला असतास, तरी पाच-सहा कुठे गेले नव्हते."

"त्यांना त्रास होत होता, सर."

"लाँग केसला त्रास होतोच. म्हणून तर ती केस असते." मग ते जरा मऊ झाले. "ऑगस्टला बस परत. बाई कशा आहेत? तोपर्यंत टिकतील ना?"

"नाही टिकणार, सर."

"आणि ते रुग्णालय?"

"त्यांना सकाळी कळवलं. दुसऱ्या उमेदवाराला बोलावतायत."

सरांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांना तीन वाजता नीतिमूल्यांचं लेक्चर होतं.

मंगळवारी चार वाजता सत्यभामाताई आल्या. दारातच त्यांनी विचारलं, "पास?"

"नाही."

"माज्यामुळं."

"नाही. गप्प मी बसले होते, तुम्ही विचारत होता."

ताई खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घेतली. "त्या दिवसापासनं घरची कडी परत बगतीय," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोनदा, कधी तीनदा. तुमाला सांगनार नव्हते."

क्रांतीनं मोजपट्टी काढली. यावेळी कोणी काही वाढवून सांगितलं नाही. चौदा आले.

"वाढलं ना?"

"तीननं. ते मी वाढवलेत. आपण उतरवू." तिनं फाइलवर तारीख घातली. "आज घरी गेल्यावर कडी एकदा. मालक मागनं पळत आले तर येऊ देत."

ते तीन गुण उतरायला पाच आठवडे लागले. त्याची नोंद ओपीडीच्या फाइलमध्ये आहे. ती परीक्षेला धरत नाहीत.